आठ मिलिमीटरचा फरक: स्पोर्ट्स कारला बाहेरचं इनटेक बसवल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. इंदूरमध्ये तसल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत; नाव लिहिलं तर छप्पन दुकानवर चहा पीत उभा असलेला कुणीही मालकाचं घर दाखवील. एवढं पुरे: दोन दारं, व्ही आकाराचं इंजिन, टर्बो नाही, ताकद मागच्या चाकांना, गिअर हाताने टाकायचे. मुंबईहून सेकंडहँड आणलेली, वॉरंटी केव्हाच संपलेली, नंबर आता एमपी ०९.

मालक मंदार (नाव बदललं आहे), वय एकोणतीस, आमच्या लोकमान्य नगरातल्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. मला काका म्हणतो. मी पिथमपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, म्हणजे दिवसभर सुटे भाग मोजत असतो. गाड्यांचा जाणकार म्हणवून घेण्याची माझी लायकी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मंदारला कंपनीचं इनटेक, म्हणजे इंजिनला हवा पोचवणारी नळी आणि फिल्टर, काढून बाहेरचं बसवायचं होतं. म्हणत होता की त्याला हॉर्सपॉवर वाढवायची आहे. मला विचाराल तर त्याला आवाज हवा होता. कंपनीचा फिल्टरचा डबा आणि त्यापुढची नळी नुसती हवा आत नेत नाहीत, आवाज गिळतातही. नळीच्या पोटाला एक बंद कप्पा चिकटवलेला असतो, त्याला रेझोनेटर म्हणतात; ठरावीक सुरांची गुरगुर तो तिथल्या तिथे मारतो. उघडा कोनासारखा फिल्टर आणि सरळ नळी लावली की हा कप्पा जातो आणि पाय दाबला रे दाबला की बॉनेटखालून डरकाळी येते. कान खूश झाला की माणसाला गाडीही वेगवान वाटते.

दुकानदाराकडे दोन प्रकार होते. एकात लांब नळी, फिल्टर बंपरच्या मागे खाली, चाकाजवळ. तिथे हवा थंड मिळते. दुसऱ्यात आखूड नळी, फिल्टर बॉनेटखालीच, इंजिनच्या शेजारी. मंदारने आखूड घेतला आणि त्याचं कारण पक्कं होतं: जुलैत जोराची सर आली की आपल्याकडच्या सखल रस्त्यांवर पाणी तुंबतं, आणि खाली बसवलेल्या फिल्टरने एकदा पाणी ओढलं की ते थेट सिलिंडरमध्ये जातं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन उघडावं लागतं. या सगळ्या प्रकरणातला हा एक निर्णय मी आजही बरोबर मानतो. त्याची किंमत उष्णतेच्या रूपात पुढे मोजावी लागली, पण ती पाण्यापेक्षा स्वस्त होती.

एप्रिलच्या एका रविवारी ओळखीच्या गॅरेजात किट बसलं. दीड तास लागला. जुना डबा काढला, त्यातला हवा मोजणारा सेन्सर दोन स्क्रू काढून नव्या नळीत बसवला, क्लॅम्प आवळले, झालं. जुना डबा सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घालून डिकीत टाकला. त्याच्या तळाची तीन रबरी बुचं, ज्यांवर डबा टेकतो, ती गॅरेजच्या फरशीवरच राहिली. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

अडचण

पहिले पंधरा दिवस मजेचे. मंदारने मला दोनदा फोन करून नुसता आवाज ऐकवला.

मे लागला, पारा ४२ वर गेला. एका रविवारी महूवरून जाम गेटपर्यंत जाऊन परत येताना डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्या उस्तादांनी स्कॅनर लावला: पी०१७१ आणि पी०१७४. म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना मिश्रण पातळ. हवेच्या मानाने पेट्रोल कमी. उस्तादांनी कोड पुसला आणि म्हणाले, "भिया, टेन्शन नी लेने का, फिल्टर नया है, गाड़ी सीख जाएगी." तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला. परत पुसला.

दिवा पुसला की दिव्याचं कारण जात नाही, पण पुरावा जातो. कोड पडतो त्या क्षणी गाडी त्या वेळचा वेग, तापमान, इंजिनवरचा भार आणि पेट्रोलची दुरुस्ती यांचा एक फोटो काढून ठेवते. कोड पुसल्यावर तो फोटो जातो, आणि बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटरने शिकलेली दुरुस्तीही शून्यावर येते. म्हणून तर दिवा तीन दिवस शांत राहायचा; कॉम्प्युटर तेवढे दिवस परत शिकत असायचा. दोनदा पुसल्यामुळे आमचे दहा दिवस गेले.

या दहा दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, ती मंदारने मला शेवटी सांगितली. घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की डब्यात फुटाणे हलवल्यासारखा बारीक आवाज यायचा. त्याला तो नव्या इनटेकचाच वाटला. ते नॉकिंग होतं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी आपोआप भडकणं.

शोध

मी शनिवारी संध्याकाळी गेलो. मंदारकडे ओबीडीत (गाडी तपासायच्या सॉकेटात) खोचायचा ब्लूटूथ डोंगल होता, मोबाईलवर ॲप. त्यात फ्यूल ट्रिम दिसतं: कॉम्प्युटर हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतो आहे, तो आकडा. पाच-सात टक्क्यांच्या आत असेल तर गाडी निरोगी. पंचवीसच्या आसपास गेला की बहुतेक गाड्या दिवा लावतात.

आमच्यासमोर तीन संशयित होते. क्लॅम्प सैल राहून सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूने, न मोजलेली हवा आत शिरते आहे. किंवा तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेल उडून सेन्सरच्या तारेवर बसलं आहे. ही तार गरम असते, हवा तिला किती थंड करते त्यावरून हवा मोजली जाते, आणि तारेवर तेल-धूळ बसली की ती कमी मोजते. किंवा नळीतच काहीतरी आहे.

थ्रॉटलच्या (पाय दाबला की हवेला वाट देणाऱ्या झडपेच्या) पलीकडे गळती असेल तर तिची एक खूण असते. भोकातून येणारी हवा साधारण तेवढीच राहते, त्यामुळे आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, जिथे ते स्वतः थोडीच हवा घेतं, ट्रिम खूप वर जातं आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वाढवला की खाली येतं. आमचे आकडे असे आले: आयडलला २२, १५०० वर २३, २५०० वर २४. दोन्ही बाजूंना जवळपास सारखे. तसली गळती नव्हती; थ्रॉटलच्या अलीकडच्या सैल क्लॅम्पचा संशय मात्र या आकड्यांनी फिटत नव्हता. दोन्ही बाजू सारख्याच चुकत होत्या, म्हणजे चूक दोघींच्या आधी, सामाईक नळीत. सेन्सर काढून त्याच्याच स्प्रेने धुतला, वाळवला, लावला. आकडे जागचे हलले नाहीत.

मग मी व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं साधन, काढला. (माझ्या स्कूटरच्या डिकीत असतो. घरचे हसतात.) नव्या नळीत सेन्सर जिथे बसतो तिथला आतला व्यास ९० मिलिमीटर. डिकीतल्या गोणीतून जुना डबा काढून त्याचं तोंड मोजलं: ८२.

मंदार म्हणाला, "मग काय झालं काका, मोठी नळी म्हणजे जास्त हवा ना?"

इथेच सगळी गल्लत आहे. सेन्सर सगळी हवा मोजत नाही. तो नळीच्या मधोमध बोटभर जागेतून जाणारी हवा मोजतो आणि कॉम्प्युटर त्यावरून सगळ्या नळीचा अंदाज करतो. तो अंदाज ८२ मिलिमीटरच्या नळीसाठी कारखान्यात लिहिलेला आहे. नळी रुंद झाली की तेवढीच हवा हळू वाहते; सेन्सरला वाटतं हवा कमी झाली. तीन फुटी पट्टीवर दोन फूट लिहून कापड मोजावं तसं. गाडीच्या खरेदीच्या कागदाच्या पाठीवर मी हिशोब मांडला: ९० चा वर्ग ८१००, ८२ चा वर्ग ६७२४. भागाकार १.२०. म्हणजे सेन्सर १०० च्या जागी ८३ सांगणार आणि ते भरून काढायला कॉम्प्युटरला २० टक्के पेट्रोल जादा द्यावं लागणार.

उरलेले तीन-चार टक्के पेट्रोलपंपावर सापडले. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, दहा टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १४.१ पट, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर बहुतेक वीस टक्केवालंच मिळतं. ही गाडी त्याच्या आधीची, दहा टक्केवाल्याच्या हिशोबाची. त्यामुळे तितक्याच हवेला चारेक टक्के जास्त पेट्रोल लागणारच, इनटेक असो वा नसो. कागदावर गुणाकार पंचवीसला पोचला, ॲपवर २४. हवा नळीत सगळीकडे सारखी वाहत नाही, तेवढा फरक मी सोडून दिला. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गाडीवर हेच किट दिवा न लावता चाललं असतं, इथे का चाललं नाही, याचं उत्तर मला त्यात दिसलं.

दिव्यापेक्षा फुटाण्यांची काळजी मोठी होती. कॉम्प्युटर ठिणगी कधी टाकायची तेही याच आकड्यावरून ठरवतो. हवा कमी वाटली की त्याला वाटतं इंजिनवर भार कमी आहे, आणि तो ठिणगी लवकर टाकतो. प्रत्यक्षात भार पूर्ण, बाहेर ४२ अंश, चढ. नॉक सेन्सर टायमिंग मागे ओढून इंजिन वाचवत होता, पण तो शेवटचा पहारेकरी. त्याच्या भरवशावर रोज गाडी हाकायची नसते.

किटच्या खोक्यातलं चार घड्या घातलेलं माहितीपत्रक नंतर सापडलं. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत: या मॉडेलसाठी इसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) कॅलिब्रेशन आवश्यक. दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पर्याय

रविवारी सकाळी पोहे-जिलबी समोर ठेवून आम्ही चार पर्यायांवर बोललो. मंदारचे बाबाही होते, आणि त्यांचा एकच प्रश्न होता: "आधी होतं तसं होईल का?"

पहिला पर्याय इसीयूचं ट्यूनिंग. किट बनवणाऱ्याचीच ही अपेक्षा होती आणि तांत्रिकदृष्ट्या हाच सरळ मार्ग: नव्या नळीचं माप कॉम्प्युटरला सांगायचं. पण चांगला ट्यूनर इंदूरमध्ये आम्हाला सापडला नाही. बाहेरगावचा फाइल मेलवर पाठवणार, आम्ही गाडी चालवून नोंदी परत पाठवणार, तो सुधारणार. खर्च जवळपास किटएवढा. शिवाय कागदपत्रांचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत बदल करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बॉनेटखालची नळी रस्त्यावर कोण बघतो, हा मंदारचा युक्तिवाद. रस्त्यावरचा शिपाई बघणार नाही हे खरं, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर बॉनेट उघडतोच, आणि विमा कंपनीला या बदलाबद्दल एक ओळही कळवलेली नव्हती.

दुसरा पर्याय माझा, आणि मला त्याचा मोह आवरत नव्हता: पोलोग्राउंडला ओळखीच्या खराद्याकडून ॲल्युमिनियमची स्लीव्ह करून घ्यायची, बाहेरून ९०, आतून ८२, सेन्सरच्या जागी आत बसवायची. पाचशे रुपयांचं काम. मी चित्रही काढलं. पण स्लीव्हच्या तोंडाशी पायरी येणार, हवा तिथे घुसळणार, आणि सेन्सरला घुसळलेली हवा चालत नाही. कंपनीच्या डब्यात त्याच्या आधी जाळी असते ती त्यासाठीच. त्याहून वाईट म्हणजे स्लीव्ह सैल झाली तर ती पुढे कुठे जाईल? थ्रॉटलकडे. मी चित्र फाडलं.

तिसरा पर्याय: मूळ मापाचीच नळी असलेलं दुसरं किट घेणं. तसली मिळतात. पण एक किट पडून असताना बाबांसमोर दुसऱ्याचं नाव काढायची मंदारची हिंमत झाली नाही, आणि मीही ढकललं नाही.

चौथा: जुना डबा परत, आत नवा फिल्टर. आवाज जाणार.

काय केलं

आधी मोजायचं, मग काढायचं, असं ठरलं. किट बसवण्याआधी कुणी काही मोजलं नव्हतं, म्हणून ताकद वाढली की घटली हे सांगायला आधार नव्हता. पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, २०२१ मध्ये उद्घाटन झालेला, मी रोज त्याच भागातून कामावर जातो. पण आमच्या तीस सेकंदांसाठी तिथे कोण दार उघडणार? म्हणून पहाटे साडेपाचला बायपासचा रिकामा सपाट तुकडा, तिसरा गिअर, ५० ते ८०, जाताना तीनदा, येताना तीनदा. नॉकिंग होत असलेल्या इंजिनला पूर्ण थ्रॉटल द्यायला नको होतं. दिलं. पहाटेची हवा थंड होती एवढीच सबब.

त्याच संध्याकाळी पलासियाच्या सिग्नलांवर आत येणाऱ्या हवेचं तापमान बघितलं. बाहेर ४१. पाच मिनिटं रांगेत उभं राहिल्यावर आखूड नळीत ७०.

दुसऱ्या दिवशी जुना डबा बसवायला घेतला आणि रबरी बुचांची आठवण झाली. गॅरेजात शोधली, नाहीत. पार्ट मागवायला तीन आठवडे सांगितले. तोवर बागेच्या पाण्याच्या पाइपचे तुकडे कापून त्यांवर डबा टेकवला. डबा खडखडत होता, पण हवाबंद होता, आणि महत्त्वाचं तेच. आत कंपनीचा साधा कागदी फिल्टर. सेन्सर त्याच्या जागी. मग कोड पुसला, या वेळी जाणूनबुजून, आणि गाडी तीन दिवस शहरात, बायपासवर, चढावर सगळीकडे फिरवली.

निष्पत्ती

ट्रिम एका बाजूला ४, दुसऱ्या बाजूला ५. इथेनॉलचा हिशोब तंतोतंत. दिवा नाही, फुटाणे नाहीत.

पलासियाच्या त्याच सिग्नलवर, बाहेर ४१ असताना, डब्यात तापमान ५१. म्हणजे उघडा फिल्टर रांगेत उभा असताना एकोणीस अंश जास्त गरम हवा घेत होता. हवेची घनता तापमानाच्या उलट चालते. केल्विनमध्ये ३२४ ला ३४३ ने भागा, साडेपाच टक्के हवा कमी. चालत्या गाडीत हा फरक दोन-तीन मिनिटांत चार-पाच अंशांवर येतो, त्यामुळे हायवेवर तो जाणवणार नाही. पण मंदारची गाडी महिन्यातले सव्वीस दिवस पलासिया ते विजयनगरच असते.

आणि ५० ते ८०? इनटेकसह सरासरी ३.६ सेकंद, जुन्या डब्यासह ३.५. मोबाईलच्या मोजणीत तेवढी चूक धरावीच लागते, म्हणून मी यातून एवढंच म्हणेन की दुकानदाराने सांगितलेले वीस हॉर्सपॉवर असते तर ते या आकड्यांत दिसले असते. ट्यूनिंग करून दिसले असते का, हे या प्रकरणाने सिद्ध होत नाही.

विमा कंपनीला पत्र पाठवायची गरज उरली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पत्रक वाचता आलं असतं, हे उघड आहे, पण मी त्यावर फार जोर देणार नाही. खोक्यातली पत्रकं मीही वाचत नाही. जास्त सोपं होतं ते किट विकत घेण्याआधी दुकानातच सेन्सरच्या जागेचा आतला व्यास मोजून जुन्याशी ताडून बघणं. पाच मिनिटांचं काम. व्यास सारखा असता तर उरला असता फक्त उष्णतेचा प्रश्न, आणि तो पत्र्याच्या आडोशाने बराच सुटतो.

जुन्या डब्यावर एकदा ट्रिम आणि तापमान टिपून ठेवलं असतं तर मे महिन्यातली सगळी धावपळ एका संध्याकाळीत आटोपली असती. डोंगल मंदारकडे आधीपासून होता. तो त्यावर पेट्रोलचा सरासरी खप बघत असे.

उस्तादांवर मी रागावलो होतो, आता तेवढा नाही. त्यांच्याकडे दिवा लावून येणाऱ्या दहा गाड्यांतल्या आठ कोड पुसून खरोखर बऱ्या होत असतील. पण पहिल्यांदा पुसण्याआधी स्क्रीनचा एक फोटो काढायला हवा होता, आणि काढलेल्या प्रत्येक बुच-स्क्रूसाठी एक डबी. बुचांचे तीन आठवडे आणि खडखडाट फुकटचे होते.

माझी चूकही नोंदवतो. फुटाण्यांच्या आवाजाबद्दल मी सगळ्यात शेवटी विचारलं. आकडे हाती येईपर्यंत मी आकड्यांमागेच लागलो होतो, माणसाला आधी "गाडी कशी वागते रे?" असं विचारलं असतं तर बायपासवर पूर्ण थ्रॉटल देण्याआधी दहा वेळा विचार केला असता.

किट परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही, वापरलेलं म्हणून. ते आता मंदारच्या माळ्यावर आहे. बुचं आली, खडखड थांबली, गाडी पुन्हा सभ्य झाली आणि मंदारला करमेनासं झालं. परवा त्याचा मेसेज आला: मूळ डबा, मूळ सेन्सर सगळं तसंच ठेवून फक्त रेझोनेटर काढला तर? मी लिहिलं, तो सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला आहे. भोक हवाबंद झालं नाही तर न मोजलेली हवा आत येईल, आणि ट्रिम पुन्हा वर जाईल. आधी आजचे आकडे टिपून ठेव.

तासाभराने फोटो आला. मोबाईलचं ट्रिम, आयडल, १५००, २५००, तिन्ही. खाली भोकाच्या तोंडाशी धरलेला नवाकोरा व्हर्नियर, प्लास्टिकचं वेष्टण अजून अर्धं तसंच: ३१.४.